एका सुताचा फरक

गवत म्हटले की वसईच्या माणसाला गुरे आठवतात. पावसाळ्यात बांधावरचे गवत विळ्याने कापावे, भारा बांधून गोठ्यात आणावा, पाऊस सरला की वाळलेल्या गवताची गंजी रचावी, असा आपल्या वाडवडिलांचा क्रम होता. गवत कापायचे ते कोणाच्या तरी मुखी लागावे म्हणून. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मात्र गवत कापतात ते सारखे दिसावे म्हणून. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला कापतात आणि कापलेले तेथेच सोडून देतात. तेथे गेल्यावर मला प्रथम या गोष्टीचे नवल वाटले. पुढे तिच्यातूनच एका जुन्या यंत्राशी आणि ते चालवणाऱ्या एका माणसाशी माझा संबंध आला. त्या दोघांविषयी चार शब्द लिहिण्याचा मानस आहे.

२०१४ ते २०१९ या काळात मी आयोवा राज्यातील एका लहानशा गावात प्रमुख धर्मगुरू म्हणून सेवा केली. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेते, मध्ये विटांचे चर्च आणि चर्चच्या मागे सुमारे दोन एकरांची दफनभूमी. शिळांवर बहुतेक जर्मन आणि आयरिश आडनावे. कबरींमधल्या साऱ्या जागेत केंटकी ब्ल्यूग्रास नावाचे गवत. हे थंड हवेचे गवत आहे. मे महिन्यात ते इतक्या जोमाने वाढते की आठवडाभर दुर्लक्ष केले तर लहान शिळा दिसेनाशा होतात. आणि नेमका मे महिना हाच तेथे दिवंगतांच्या स्मरणाचा. मे महिन्यातील शेवटच्या सोमवारी ‘मेमोरियल डे’ असतो. यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरींवर फुले वाहण्याची प्रथा १८६८ साली ३० मे या दिवशी देशभर सुरू झाली. १९७१ पासून तो दिवस शेवटच्या सोमवारी पाळतात. आता त्या दिवशी लोक आपल्या सर्वच आप्तांच्या कबरींना भेट देतात. आपल्याकडे २ नोव्हेंबरच्या आधी दफनभूमीत जी लगबग असते, तीच तेथे मेच्या अखेरीस दिसते.

आमच्या दफनभूमीचे गवत एक निवृत्त शेतकरी विनावेतन कापीत. वय ७८. त्यांचे नाव येथे देत नाही. आपल्याकडच्या रीतीने मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणत असे, तेच येथेही म्हणतो. काकांची पत्नी याच दफनभूमीत तिसऱ्या रांगेत विसावली होती. तिला निरोप दिला त्या वर्षापासून काकांनी हे काम अंगावर घेतले होते, आणि ते त्यांच्याकडून काढून घेण्याचा विचार २०१६ च्या मे महिन्यापर्यंत कोणाच्या मनात आला नव्हता.

त्या महिन्यात तक्रारी येऊ लागल्या. कापलेल्या गवतात जिन्यासारख्या पायऱ्या दिसत. यंत्राच्या उजव्या अंगाला गवत उंच राही आणि डाव्या अंगाला इतके खाली तासले जाई की माती उघडी पडे. एका नव्या कबरीवर नुकतेच रुजलेले गवत असेच मुळापर्यंत खरवडले गेले. त्या कबरीतील माणसाची विधवा मला फोनवर फक्त एवढेच म्हणाली, “फादर, त्यांच्यावरचे गवत तरी राहू द्या.” अर्थसमितीच्या सभेत विषय निघाला. एकाने काम कंत्राटदाराला द्यावे असे सुचवले, दुसऱ्याने नवे यंत्र घ्यावे असे म्हटले. तिसरा हलक्या आवाजात म्हणाला, “यंत्र जुने झाले तसा चालवणाराही. त्यांचे हात थरथरतात.” कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. निर्णय अखेर माझा होता. मी मेमोरियल डेपर्यंतची मुदत मागून घेतली. हाताशी दोन आठवडे होते.

काकांना मी सभेतील बोलणे आडपडदा न ठेवता सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “फादर, यंत्र काय म्हणते ते आधी मोजून पाहू. पण माझे गुडघे आता जमिनीला टेकत नाहीत. तुम्ही खाली बसून माप वाचाल का?”

अशा रीतीने मी त्या गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीवर बसलो.

हे यंत्र कसे असते ते आधी सांगितले पाहिजे. गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने केले आणि १८३० साली त्याचे पेटंट घेतले. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरील लव कातरण्याचे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. त्याच्या यंत्राचा फिरता दंडगोल कात्रीसारखा कापी. आजचे बसून चालवायचे यंत्र मात्र कात्रीचे तत्त्व वापरत नाही. ते छोट्या ट्रॅक्टरसारखे दिसते. त्याच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, पोलादी पत्र्याची एक उलटी परात टांगलेली असते. तिला ‘डेक’ म्हणतात. आमच्या यंत्राची परात ४२ इंच रुंद होती. तिच्यात दोन पाती आडवी फिरत. मध्ये गवताची रेघ सुटू नये म्हणून एक किंचित पुढे आणि एक किंचित मागे बसवलेले. प्रत्येक पाते एका उभ्या दांड्याला, म्हणजे स्पिंडलला, खालून बोल्टने जखडलेले. दांड्याच्या वरच्या टोकाला पुली, आणि इंजिनपासून निघालेला एकच पट्टा दोन्ही पुल्यांवरून फिरणारा.

पाते गवताला विळ्याप्रमाणे ओढून कापत नाही. वेगाने आदळून तोडते. हा वेग किती? अमेरिकेतील सुरक्षा-मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांहून अधिक असू नये. म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. पात्याची मागची कड वर वळवलेली असते. त्या वळणामुळे परातीत हवेचा झोत वर चढतो आणि आडवे पडलेले गवत उभे राहते. पाते उलटे बसवले तर ही हवा उठत नाही आणि धारही मागे राहते. परातीच्या आत ओल्या गवताचा थर साचला तरी हवेची वाट बंद होते. शिवाय तो ओलावा धरून पत्र्याला गंज आणतो. म्हणून काकांनी पहिले काम दिले ते परातीची आतली बाजू खरवडण्याचे. हिरव्या-काळ्या गवताचे दोन इंच जाडीचे कवच निघाले. पत्रा पातळ झाला होता, पण कोठे भोक पडलेले नव्हते. भोक पडले असते तर दुरुस्तीचा विचारच करू नये असे काका म्हणाले. त्यातून उडालेला खडा माणसाचा डोळा घेऊ शकतो.

त्याआधी त्यांनी एक शिस्त घालून दिली होती. किल्ली काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली. यंत्राचा पुढचा भाग जॅकने उचलला, पण जॅकच्या भरवशावर मला खाली जाऊ दिले नाही. दोन्ही बाजूंना मजबूत लाकडी ठोकळे दिले. हातात जाड चामडी मोजे. “दोन्ही पाती एकाच पट्ट्याला बांधलेली आहेत,” ते म्हणाले. “तुम्ही एक हलवाल आणि दुसरे तुमच्या मनगटावर येईल.”

खरवडणे झाल्यावर यंत्र पुन्हा चारी चाकांवर उतरवले आणि मोजणी सुरू झाली. आपल्याकडचे सुतार आणि फिटर इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. मीही मनात सुतांनीच मोजत होतो. दोन्ही पाती आडवी वळवून, म्हणजे त्यांची टोके डावीकडे आणि उजवीकडे येतील अशी धरून, प्रत्येक बाहेरच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यायचे. परातीच्या कडेपासून माप घेऊन उपयोग नाही. कड वाकलेली असू शकते, आणि गवत कडेने कापले जात नाही. डावीकडे अडीच इंच भरले, उजवीकडे सव्वातीन. फरक सहा सूत. काका म्हणाले, एका सुताच्या आत असायला हवा.

मला वाटले, आता परात टांगणारा नट फिरवायचा आणि डावी बाजू वर घ्यायची. काकांनी पान्याला हातही लावला नाही. ते हवेचा दाब मोजण्याची नळी घेऊन मागच्या चाकाकडे गेले. परात चौकटीला टांगलेली, चौकट चाकांवर उभी आणि चाके जमिनीवर. म्हणून जमिनीपासून सुरुवात करायची. गवंडी भिंतीच्या माथ्यावर नव्हे, पहिल्या थरावर पाणसळ ठेवतो, तसेच हे. जमीन सपाट आहे हे आम्ही आधीच पाहिले होते. मागच्या डाव्या टायरमध्ये पाच पौंड हवा होती. माहितीपुस्तकात दहा सांगितली होती. टायरच्या भिंतीला बारीक चिरा पडून हवा हळूहळू निघून जात होती. आत ट्यूब घालून हवा भरली आणि पुन्हा मोजले. फरक चार सूत. दोन सुतांचा जाब टायरने दिला.

मग पाते. डाव्या पात्याचे एक टोक एका जागी आणून मोजायचे, नंतर पाते अर्धे फिरवून दुसरे टोक त्याच जागी आणून मोजायचे. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. आमच्या मापांत दोन सुतांचा फरक निघाला. आता दोष पात्यात की दांड्यात? पाते वाकले असेल तर दोनशे-चारशे रुपयांसारखी गोष्ट. दांडा वाकला असेल तर सारी जोडणी खोलावी लागणार. काकांची रीत सोपी होती. लाकडाच्या ठोकळ्याने पाती अडवून दोन्हींचे बोल्ट काढले आणि उजव्या बाजूचे पाते डाव्या दांड्यावर चढवले. पुन्हा अर्धे फिरवून मोजले. फरक नाहीसा झाला. म्हणजे दांडा सरळ होता, पाते वाकडे होते. कोठे तरी जमिनीलगतच्या दगडावर आदळले असावे. ते ठोकून सरळ करावे का, असे मी विचारले. काका म्हणाले, वाकलेले पाते सरळ करायचे नसते. ताशी साडेतीनशे किलोमीटरने फिरताना ते तुटले तर कोणाच्या अंगात शिरेल सांगता येत नाही. दांडे हाताने हलवून आणि फिरवून पाहिले. बेअरिंग सैल नव्हती, खरखरही नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्या पात्यांची जोडी आणून बसवली. फरक उरला दोन सूत.

जुने उजवे पाते काकांनी फेकले नाही. कानशीने, मूळचाच उतार राखून, त्याला धार लावायला मला शिकवले. वस्तऱ्यासारखी धार करायची नाही. तशी धार पहिल्याच खड्यावर दुमडते. मात्र पाते बोथट असेल तर गवत कापले न जाता फाटते आणि दोन दिवसांत त्याचे शेंडे पांढुरके पडतात. धार लावून झाल्यावर पाते मधल्या भोकाने भिंतीवरच्या खिळ्यावर अडकवायचे. जे टोक खाली झुकेल ते जड. त्यालाच थोडे आणखी घासायचे, पाते आडवे स्थिर राहीपर्यंत. तोल नसलेले पाते यंत्राला हादरे देते आणि बेअरिंगचा घास घेते.

राहिले दोन सूत. आता कोठे काका टांगणीकडे वळले. डाव्या बाजूची परात ज्या कडीला टांगली होती, तिच्या खिळीचे भोक वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी झिजून लांबट झाले होते. नुसता नट आवळून डावी बाजू वर घेता आली असती; पण त्या लांबट भोकात खिळी पुन्हा हलली असती आणि महिन्याभरात माप बिघडले असते. शेजारच्या शेतकऱ्याने वेल्डिंग करून ते भोक बुजवले, नवे पाडले. नवी खिळी आणि दोन वायसर घातले. त्यानंतर काकांनी पाना माझ्या हाती दिला आणि नट अर्धा-अर्धा फेरा फिरवत प्रत्येक वेळी माप वाचायला लावले. दोन्ही बाजू सव्वातीन इंचांवर आल्या.

शेवटी पाती पुढे-मागे वळवून मोजले. येथे समान माप नको असते. पुढचे टोक मागच्यापेक्षा एक ते तीन सूत खाली असावे, नेमके किती ते ज्या-त्या यंत्राच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. पुढे एकदा कापलेले गवत मागच्या टोकाने पुन्हा घासले जाऊ नये आणि इंजिनावर व्यर्थ भार पडू नये, हे त्याचे कारण. आमचे दोन सूत भरले. तेथे काही करावे लागले नाही.

हे काम चार संध्याकाळी चालले. आमच्या वाडीतल्या विहिरीवर पंप बसवला तेव्हा दोरी ताणून दोन पुल्या एका रेषेत आणणारे माझे वडील मला त्या गॅरेजमध्ये अनेकदा आठवले. पट्टा उतरला की लोक पट्ट्याला शिव्या देतात, असे ते म्हणत.

शनिवारी काकांनी यंत्र बाहेर काढले आणि मोकळ्या कुंपणालगत दोन फेऱ्या मारल्या. अर्थसमितीचे दोघे जण पाहायला आले होते. पायऱ्या नव्हत्या. दोन फेऱ्यांच्या मधली रेघ शोधावी लागत होती. सभेत हलक्या आवाजात बोललेला गृहस्थ जमिनीवर वाकला, हाताने गवत चाचपले आणि काकांकडे जाऊन त्याने हस्तांदोलन केले. सारा खर्च शंभर डॉलरच्या आत आला होता.

येथे ही हकीकत संपवली तर ती गोड होईल. पण खरी होणार नाही. दफनभूमीतून फिरताना मला काही शिळांच्या पायथ्याशी ताजे ओरखडे दिसले होते. सहा सुतांपैकी एकाही सुताचा त्यांच्याशी संबंध नव्हता. परात समतल झाली म्हणून ते थांबणार नव्हते. यंत्राचा दोष काकांच्या माथी मारला गेला होता, तो आम्ही मोजून उतरवला. पण काकांचे वय हे वेगळे माप होते आणि तेही घ्यावे लागणार होते. डावे पाते आणि डावा दांडा यांचे जसे वेगवेगळे पाहिले, तसेच हे. एकाचा दोष दुसऱ्यावर घालणे जसे बरे नाही, तसे एक निर्दोष निघाला म्हणून दुसऱ्याला न तपासणेही बरे नाही.

मी काकांना त्या ओरखड्यांपाशी घेऊन गेलो. काय बोलावे ते मला सुचेना. तेच म्हणाले, “मला ठाऊक आहे, फादर. शिळेची कड मला आता उशिरा दिसते.” थोड्या वेळाने पुढे म्हणाले, “मोकळे पट्टे मी करीन. दगडाजवळचे कोणा पोरांना द्या.” हायस्कूलमधील दोन मुले तयार झाली. काकांनी प्रत्येक शिळेपासून दोन फुटांचे अंतर राखायचे आणि ते दोन फूट मुलांनी हातातल्या छोट्या यंत्राने साफ करायचे, असे ठरले. यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा हे बोलणे कितीतरी कठीण होते. ते आम्ही यंत्र दुरुस्त केल्यावर बोलू शकलो, आधी बोललो असतो तर ते अपमानासारखे झाले असते, असे मला वाटते.

३० मे २०१६ रोजी मेमोरियल डे आला. सैनिकांच्या कबरींवर छोटे ध्वज लागले, कुटुंबे फुले घेऊन आली. ती विधवा बाई आपल्या मुलांसह पतीच्या कबरीपाशी बराच वेळ उभी होती. तेथे आम्ही नवे बी पेरले होते. कोवळे पोपटी गवत जेमतेम वर आले होते. गवताविषयी त्या दिवशी कोणीही काही बोलले नाही. सारखे कापलेले गवत कोणाच्या लक्षात येत नाही.

काकांनी आणखी दोन हंगाम काम केले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची कापणी झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्याकडे न देता त्या दोन मुलांपैकी थोरल्याच्या हातात दिली. त्याआधी त्याला गॅरेजमध्ये चार संध्याकाळी बसवून सगळा क्रम शिकवला होता: जमीन, हवा, पाते, दांडा, टांगणी. नटाला हात सर्वांत शेवटी. या खेपेला जमिनीवर बसून माप वाचणारा मी नव्हतो, तो मुलगा होता.

मी वसईला परतलो त्याला आता काही वर्षे झाली. आमच्या दफनभूमीत २ नोव्हेंबरच्या आधी तरुण मंडळी पेट्रोलवर चालणारी गवत कापण्याची यंत्रे खांद्याला अडकवून येतात. एखादे यंत्र नीट चालेनासे झाले की पहिले वाक्य हमखास ऐकू येते, ‘फादर, हे आता टाकून द्या’. आणि एखाद्या म्हाताऱ्या सेवकाच्या हातून काम बिघडले की त्याच्याविषयीही जवळजवळ तेच, फक्त अधिक सभ्य शब्दांत. मी त्यांना आधी मोजून या म्हणतो. काही वेळा मोजल्यावरही यंत्र टाकावे लागते. परातीला भोक पडलेले असेल तर काकांनीही ते टाकलेच असते.

आयोवातील तो मुलगा आता शेती करतो आणि अधूनमधून मला लिहितो. जुनी परात अजून त्याच यंत्राला टांगलेली आहे. काका पत्नीशेजारी तिसऱ्या रांगेत आहेत. त्या वर्षीच्या पहिल्या कापणीआधी त्याने यंत्राचे माप घेतले, तेव्हा डाव्या-उजव्या बाजूंत एका सुताहून कमी फरक निघाला, एवढे त्याने त्या पत्रात मला आवर्जून कळवले होते.